थोरला एम आणि धाकटा एम

नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसाला कोणी एखादे काम सांगितले की त्याला आनंद होतो; आणि ते काम दुसऱ्याच्या चुका काढण्याचे असले तर त्या आनंदाला पारावार राहत नाही. आमच्या भागातल्या रेल्वे पेन्शनर मंडळींनी यंदा दिवाळीला एक स्मरणिका काढायचे ठरवले आणि ऐन गणपतीत तिची मुद्रिते तपासायला माझ्याकडे धाडली, तेव्हा माझे अगदी असेच झाले. मी चष्मा पुसला, तांबड्या शाईचे पेन शोधून काढले आणि बाहेरच्या खोलीतले टेबल अडवून बसलो. स्वयंपाकघरात मोदकांची उकड काढणे चालू होते. "इकडच्या कामाला हात लावू नका हवं तर, पण त्या बिचाऱ्यांच्या लेखांना जरा बेतानं हात लावा," असे सौभाग्यवतींनी आतून बजावलेदेखील. पण तांबडे पेन हातात आलेल्या माणसाला कोणाचे ऐकू येते?

पहिलाच लेख माझ्या एका जुन्या मित्राचा होता. इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा भट्टीत कोळसा मारणारा, आणि उतरला तेव्हा विजेच्या इंजिनाचा ड्रायव्हर, असा चाळीस वर्षांचा त्याचा प्रवास. लेख मोठा सुरेख उतरला होता. खंडाळ्याच्या घाटातला पाऊस त्याने असा लिहिला होता की वाचताना अंगावर तुषार यावेत. त्या घाटाचा चढ सदतीसात एक. या मापाचे मला फार कौतुक वाटते. सदतीस फूट चालाल तर एक फूट चढाल, सदतीस मीटर चालाल तर एक मीटर. फूट गेले, मीटर आले, तरी या मापाला त्याची वार्ताही लागली नाही. त्याला ना चिन्हाची गरज, ना कायद्याची.

बाकीच्या मापांचे मात्र तसे नव्हते. गाडी 'ताशी ११० के एम पी एच' वेगाने धावत होती. अंतरे, वजने, विजेचा दाब, सारे काही मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि प्रत्येक अक्षरामागे एकेक टिंब. मी पेन सरसावले. लेख संपला तेव्हा पानावर त्रेचाळीस तांबड्या खुणा होत्या. मी त्या मोजल्या होत्या, हे कबूल केलेले बरे.

आता तुम्ही म्हणाल, एवढे बिघडले काय? सांगतो. पण त्याआधी एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्या बाळबोध लिपीत ही भानगडच नाही. आपला 'म' तो 'म'. वाक्याच्या आरंभी येवो की शेवटी, राजाच्या नावात येवो की मडक्याच्या, त्याचे रूप एकच. इंग्रजी अक्षरांच्या घरी मात्र प्रत्येक खोलीत दोन भाऊ. आमच्या लहानपणी त्यांना पहिली लिपी आणि दुसरी लिपी म्हणत. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो. साध्या लिखाणात या भावांची अदलाबदल झाली तर फारसे अडत नाही. मापांच्या चिन्हांत मात्र दोघांचे व्यवसाय अगदी वेगळे आहेत.

मीटरचे चिन्ह धाकटा एम. हाच धाकटा एम दुसऱ्या चिन्हाच्या पुढे उभा राहिला की 'मिली', म्हणजे हजारावा भाग. थोरला एम तसाच पुढे उभा राहिला की 'मेगा', म्हणजे दहा लाख पट. तेव्हा धाकट्याच्या जागी थोरला बसवला, तर मिलीव्होल्टचा मेगाव्होल्ट होतो आणि एका अक्षराच्या आकाराने विजेचा दाब शंभर कोटी पटींनी वाढतो! किलोचा के धाकटा. थोरला के हे उष्णतामानाच्या केल्विन या मापाचे चिन्ह. व्होल्ट, वॅट, न्यूटन, हर्ट्झ ही मापे माणसांच्या नावांवरून पडली, म्हणून त्यांच्या चिन्हांना थोरल्या अक्षराचा मान. विजेची गाडी पंचवीस किलोव्होल्टवर चालते, ते लिहिताना के धाकटा आणि व्ही थोरला. माझ्या मित्राने दोन्ही थोरले लिहिले होते. म्हणजे इगतपुरीच्या पुढल्या तारांतून त्याने पंचवीस केल्विन-व्होल्ट नावाचा, जगात कोणीही न पाहिलेला पदार्थ वाहवला होता.

कोळशाचे तर विचारूच नका. 'आमच्या गाडीत साडेतीन हजार एम टी कोळसा होता,' असे त्याचे वाक्य. त्याला म्हणायचे होते मेट्रिक टन. टनाचे चिन्ह नुसता धाकटा टी. त्याच्यापुढे थोरला एम आला की तो मेगाटन, म्हणजे दहा लाख टन. या हिशेबाने माझ्या मित्राने एका खेपेत साडेतीनशे कोटी टन कोळसा ओढला; साऱ्या हिंदुस्थानातल्या खाणींतून हल्ली वर्षभरात निघतो त्याच्या तिपटीहून अधिक! बरे, याच दोन अक्षरांनी दुसऱ्या एखाद्या कागदावर खरोखरच दहा लाख टन अभिप्रेत असतात. आणि मोठ्याने उच्चार केला तर तीच अक्षरे गार्डाच्या कानाला 'एम्प्टी', म्हणजे रिकामी गाडी, अशी ऐकू येतात. भरलेली, रिकामी आणि अशक्य कोटीतली, अशा तिन्ही गाड्या एकाच रुळावर!

रुळाचीही तीच गोष्ट. आम्ही रेल्वेची माणसे 'साठ किलोचा रूळ' असे सहज बोलतो. ऐकणाऱ्याला वाटावे, दोघांनी खांद्यावर टाकून न्यावा. साठ किलो हे एका मीटरचे वजन. तेरा मीटरांचा अखंड रूळ सातशे ऐंशी किलो भरतो. लिहिताना किलोग्रॅमच्या चिन्हापुढे तिरपी रेघ आणि मीटरचा धाकटा एम राहून गेला, तर कागदावरून सातशेवीस किलो नाहीसे होतात. उचलणाऱ्याच्या कमरेवरून मात्र होत नाहीत.

बाकीचे नियम साधे आहेत. हे चिन्ह आहे, संक्षेप नव्हे. बेरजेच्या चिन्हामागे आपण टिंब देत नाही, तसे किलोमीटरच्या चिन्हामागेही द्यायचे नाही. एकाचे दोन किलोमीटर झाले म्हणून त्याला इंग्रजी अनेकवचनाचे शेपूट लावायचे नाही. आकडा आणि चिन्ह यांच्यात थोडी जागा सोडायची. ताशी वेग लिहिताना पी हे अक्षर घालायचे नाही. तिरपी रेघ मारून तासाचा धाकटा एच लिहायचा. आणि मराठीत 'ताशी' म्हटल्यावर पुढे पुन्हा 'प्रति तास' कशाला हवे? एकाच तासाचे दोनदा भाडे घेण्यासारखे आहे ते.

स्टेशनची पिवळी पाटी आठवा. तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते. पुष्कळ पाट्यांवर आकड्यापुढे थोरला एम रंगवलेला दिसतो. मेगा, ठीक, पण मेगा काय? वाक्य अर्धेच राहते. आणि मराठीत नुसते 'मी' लिहिले तर निराळीच मौज. पाटीच जणू छाती काढून सांगते आहे: समुद्रापासून इतक्या उंचीवर 'मी'!

असो. मुद्रिते मित्राकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. नेहमी 'काय रे लेका' म्हणून सुरुवात करणारा माणूस. पण त्या दिवशी आवाज कोरडा होता.

"तुझी पानं मिळाली. लेख वाचलास का रे? की नुसती अक्षरंच मोजलीस?"

मी म्हटले, "वाचला की. चांगला झालाय."

"ते कुठं लिहिलेलं दिसलं नाही. चाळीस वर्षं गाडी चालवली मी. तुझ्या धाकट्या एमवाचून एकदाही अडली नाही. लेख परत घेतोय म्हणून मंडळींना सांग."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. मी बराच वेळ त्या त्रेचाळीस खुणांचा विचार करीत बसलो. मला त्याचा राग आला नाही. त्याला उत्तर देण्यासारखी गोष्ट माझ्यापाशी होती; पण ती मी साठाहून अधिक वर्षांत कोणालाच सांगितली नव्हती. धाकट्या एमवाचून एक गाडी अडलेली मी स्वतः पाहिली आहे. ती माझ्यामुळे अडली होती.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पुणे-मिरज मार्गावर वेइन्स्पेक्टर होते. रूळ, खडी, स्लीपर आणि ते राखणारे गँगवाले हे त्यांचे राज्य. एका लहानशा स्टेशनाजवळच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो. घराच्या ओट्यावरून फाटक दिसे आणि फाटकावरून आमचा ओटा. मार्ग तेव्हा मीटर गेजचा होता. या नावामागे एक इतिहास आहे, तो मला पुष्कळ पुढे कळला. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, साडेपाच फुटी रुंद मार्ग महाग पडतो म्हणून अरुंद मार्ग घालायचे ठरले. आधी रुंदी ठरली ३ फूट ३ इंच. पण देशात लवकरच मेट्रिक मापे येणार अशी तेव्हा चिन्हे दिसत होती. म्हणून ती थोडी वाढवून बरोबर एक मीटर केली. १८७१ मध्ये नव्या मापांचा कायदाही झाला. पण तो अमलात आला नाही. १८७३ मध्ये दिल्ली ते रेवाडी या मार्गावर मीटर गेजची गाडी मात्र धावू लागली. नवऱ्या मुलाचा पत्ता नाही आणि मांडव उभा, अशातली गत! पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे हजारो मैलांचे 'मीटर' मार्ग मैलांतच मोजले जात राहिले.

शेवटी नवरा मुलगा आला. १९५६ मध्ये कायदा झाला, १९५७ मध्ये नवे पैसे आले, १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात शिरला. आम्ही मुले शाळेत किलो, हेक्टो, डेका यांची माळ एका सुरात म्हणू लागलो. आमच्या मार्गावर मैलांचे आकडे जाऊन किलोमीटरचे आले. म्हातारी माणसे कुरकुरली, पण अण्णा मात्र या नव्या मापांवर खूश होते. बारा इंच, तीन फूट, बावीस यार्ड, ऐंशी साखळ्या या जंजाळातून सुटका झाली, असे ते म्हणत. नवी चिन्हे त्यांनी मन लावून शिकून घेतली. मला ते घरीच इंग्रजी अक्षरे शिकवीत, एके रात्री पाटीवर थोरला एम आणि धाकटा एम काढून त्यांनी मला बजावले होते, "मीटरचा हा धाकटा. विसरायचं नाही."

१९६२ च्या श्रावणातली गोष्ट. मी चौथीत होतो. दोन दिवस पावसाने खळ घेतला नव्हता. दूरच्या एका मोरीचा भराव खचल्याची वर्दी आली आणि अण्णा भर पावसात ट्रॉली काढून निघाले. वाटेत फाटक ओलांडताना त्यांना एक सांधा बसलेला दिसला. थांबायला सवड नव्हती. त्यांनी ट्रॉलीवरच चिठ्ठी लिहिली आणि गँगच्या मुकादमाला द्यायला एका ट्रॉलीमनला मागे धाडले. चिठ्ठी मराठीत होती. आकडा आणि त्यापुढचे चिन्ह तेवढे इंग्रजी. फाटकाच्या पुणे बाजूस ३, पुढे धाकटा एम, एवढ्या अंतरावर सांधा बसतो आहे. संध्याकाळच्या पॅसेंजरपूर्वी उचलून खडी ठोकणे, असा मजकूर.

मुकादमाला सहीपुरतीच अक्षरे येत. चिठ्ठ्या त्याला स्टेशनमास्तर वाचून दाखवीत. त्या दुपारी मास्तर कंट्रोलच्या फोनला चिकटून होते. मुकादम पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आमच्या ओट्याशी आला. मला तो 'धाकलं सायब' म्हणे.

"धाकलं सायब, मास्तर फोनवर हायती. वाचता का येवढं?"

केवढा अभिमान वाटला मला! मी खणखणीत आवाजात चिठ्ठी वाचली. 'तीन एम' म्हणालो.

"एम म्हंजी वो?"

अण्णांच्या जुन्या वह्यांत पानोपानी एम असे, आणि तो मैलाचा असे. तो थोरला होता आणि हा धाकटा, हे माझ्या डोळ्यांना दिसत होते. पण डोक्यापर्यंत पोचले नाही. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "मैल!"

"तीन मैल म्हंजी पार हद्दीच्या टोकाला," तो पुटपुटला. "बेस झालं, लगोलग निघाया पायजे." आणि सात माणसे, जॅक, पहारी आणि बीटर घेऊन तो पावसात दिसेनासा झाला.

सांधा होता फाटकवाल्याच्या खोपटासमोर, फाटकापासून तीन मीटरांवर. रुळांच्या मधली रुंदी तीनदा मोजली की तिथे पाऊल पडावे, इतक्या जवळ. मुकादम आणि त्याची माणसे पाच किलोमीटर दूर, चांगल्या सांध्यांवर वाकून वाकून वाईट सांधा शोधत होती. मधल्या वेळात एक मालगाडी गेली आणि त्या सांध्याखालून चिखलाची पिचकारी उडाली. फाटकवाला शहाणा माणूस. त्याने लाल बावटा घेतला आणि पॅसेंजरची वेळ होण्याआधीच तो रुळांमधून पुढे धावत गेला.

मी ओट्यावर होतो. पॅसेंजरची शिट्टी ऐकू आली. एकदा, दोनदा, मग लांबलचक. इंजिन फाटकाच्या अलीकडे थांबले. भरलेल्या डब्यांच्या खिडक्यांतून माणसे डोकावू लागली. पन्नास मिनिटे गाडी तिथे उभी होती. मुकादमाची माणसे धापा टाकीत परत आली, भिजत भिजत त्यांनी सांधा उचलला, खडी ठोकली आणि मग गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकली. काही झाले नाही. पण 'काही झाले नाही' या तीन शब्दांत काय काय मावते, ते रेल्वेच्या माणसालाच ठाऊक.

रात्री अण्णा परतले. कंदील ओट्यावर ठेवून त्यांनी मुकादमाला विचारले, "चिठ्ठी कोणी वाचली?"

मी दाराआड उभा होतो. मुकादमाने माझ्याकडे पाहिलेही नाही. तो म्हणाला, "वाचली बराबर सायब. म्याच आयकण्यात चुकलो."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिले की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

गाडी उशिरा धावल्याबद्दल वरून विचारणा झाली. अण्णांनी उत्तर लिहिले आणि नेहमीप्रमाणे ते आईला वाचून दाखवले. चिन्हाचा अर्थ वाचणाऱ्याला ठाऊक आहे असे मी गृहीत धरले, दोष माझा, असा त्याचा आशय होता. आई म्हणाली, "पण तुम्ही तर बरोबरच लिहिलं होतंत ना?" अण्णा म्हणाले, "बरोबर लिहिलं होतं. पोचलं नाही." त्या उत्तरापायी त्यांच्या नोकरीच्या कागदांत एक ताकीद जमा झाली. एवढ्या वर्षांत तेवढी एकच.

पाऊस ओसरल्यावर अण्णांनी सगळी गँग फाटकावर बोलावली. एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत बोट फिरवून ते म्हणाले, "हा एक मीटर. असे तीन म्हणजे तीन मीटर." मुकादम हसून म्हणाला, "म्हंजी सायब, आम्ही जल्मभर मीटरवरच हुबं हुतो की!" त्यानंतर गँगसाठी लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीत अण्णा 'मीटर' हा अख्खा शब्द लिहीत, बाळबोध, ठसठशीत. अधिकाऱ्यांच्या कागदांत मात्र धाकटा एम कायम राहिला.

त्या दिवाळीच्या पाडव्याला मुकादम पोस्त मागायला आला. आईने त्याला फराळ दिला, अण्णांनी रुपया दिला. जाताना तो माझ्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "धाकलं सायब, एम म्हंजी काय?" मी म्हणालो, "मीटर." आणि आत पळून जाऊन पांघरुणात तोंड खुपसून रडलो. हातातल्या टिकल्यांची डबी तशीच राहिली. त्याने ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. मीही सांगितली नाही.

पुढे मी रेल्वेच्याच ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो. रुजू होण्याच्या आदल्या रात्री अण्णा वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "चिन्हं नीट लिहीत जा. आणि लिहून झालं की ते कोण वाचणार आहे, तेही एकदा बघ." त्यांना ठाऊक होते का? विचारायचे धाडस मला शेवटपर्यंत झाले नाही.

नोकरीत मी त्यांच्या उपदेशाचा पहिला अर्धा भाग पाळला. साऱ्या जगाने मिळून ही चिन्हे एकसारखी केली, त्या पद्धतीला १९६० मध्ये तिचे आजचे आंतरराष्ट्रीय नाव मिळाले, हे सगळे मी पाठ केले. फ्रेंच माणूस लिहो की जपानी, किलोमीटरची तीच दोन धाकटी अक्षरे. याचे मला अजूनही नवल वाटते. ऑफिसात थोरल्या अक्षरांची खोड का लागली तेही मला कळत होते. टेलिप्रिंटरवर साऱ्या मजकुराला थोरलीच अक्षरे. संदेश तसाच यायचा आणि कारकून तसाच उतरवून घ्यायचे. थोरल्या एमलाही त्याची मानाची जागा आहे. रुळाखाली किती स्लीपर घालायचे याचे आमचे सूत्र 'एम अधिक सात'; इथे एम म्हणजे रुळाची मीटरांतली लांबी. तेरा मीटरांचा रूळ, तर वीस स्लीपर. तिथे थोरला एम शोभतो. हे सारे मी ऑफिसातल्या पोरांना घोकायला लावले. उपदेशाचा दुसरा अर्धा भाग मात्र तांबड्या शाईत कुठेतरी बुडून गेला.

आणि गंमत अशी की नियम करणाऱ्या थोर मंडळींनी तो विसरलेला नाही. लिटरचे चिन्ह धाकटा एल. पण तो छापील कागदावर एक या आकड्यासारखा दिसतो. पाच लिटरचे एक्कावन्न व्हायचे! म्हणून १९७९ मध्ये जगभरच्या प्रतिनिधींनी ठरवले की लिटरसाठी थोरला एलही चालेल. लिटर हे काही कोणा माणसाचे नाव नव्हे, तरी थोरल्या अक्षराचा मान. का? तर वाचणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून. नियमाने वाचणाऱ्यासाठी वाट सोडली. मी माझ्या मित्रासाठी सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोदकांचा डबा आणि मुद्रितांची कोरी प्रत घेऊन मी त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडले. "ये," म्हणाला, पण 'लेका' म्हणाला नाही. चहा होईपर्यंत मी त्याला श्रावणातल्या त्या दुपारची गोष्ट सांगितली. सांगताना मध्येच माझा आवाज लागेना. तो ड्रायव्हर माणूस. पॅसेंजर फाटकाशी थांबली इथपर्यंत मी आलो तेव्हा त्याचा उजवा हात नकळत ब्रेक धरल्यासारखा मिटला. मग बराच वेळ कोणीच बोलले नाही.

"तो बावटा दिसला नसता तर?" शेवटी तो म्हणाला. मी मान खाली घातली.

"आण ती पानं इकडे."

आम्ही दोघे टेबलाशी बसलो. लेख वाचणार ती आमच्यासारखीच म्हातारी माणसे, त्यांच्या बायका, सुना, शेजारी. म्हणून लेखात सगळीकडे पूर्ण शब्द घातले: किलोमीटर, टन, किलोव्होल्ट. 'ताशी' तेवढे ठेवले. पी आणि एच उतरवून दिले. शेवटी त्याने चालवलेल्या इंजिनांचा एक तक्ता होता. तिथे पूर्ण शब्द मावेनात.

"तक्ता कोण वाचणार आहे?" मी विचारले.

"माझी नात. इंजिनिअरिंगला आहे ती. आजोबांची इंजिनं तिला बघायचीत."

"मग इथं चिन्हंच घालू. पण अचूक."

"घाल," तो म्हणाला. "एकेक नीट सांगत जा लेका, मीच लिहितो."

रात्री साडेनऊपर्यंत त्याने तक्ता स्वतःच्या हाताने उतरवला. प्रत्येक आकड्यापुढे थोडी जागा, मग चिन्ह, आणि टिंब कुठेही नाही. तांबडे पेन मी घरीच विसरलो होतो.

स्मरणिका छापायला गेली आहे. तीत घाट आहे, पाऊस आहे, साडेतीन हजार टन कोळसा आहे. फाटकापासूनचे ते तीन मीटर तेवढे तीत नाहीत. ते माझ्याकडचे होते, म्हणून इथे लिहिले.